नसांची तपासणी: आम्ही काही जणांना परत का पाठवतो
(नौपाड्यातील आमच्या केंद्रात एनसीव्ही-ईएमजीसाठी, म्हणजे नसेला हलका करंट देऊन तिचा वेग मोजायला आणि स्नायूत बारीक सुई घालून त्याचे विद्युत संकेत ऐकायला येणाऱ्यांकरिता)

चिठ्ठी घेऊन आलात की काउंटरवरच्या ताई आधी एकच विचारतात, ‘लागलं कधी?’ उत्तर ‘परवा’ आलं, तर बहुतेक वेळा आम्ही पुढची तारीख देतो. मग आवाज चढतो. डोंबिवलीहून गर्दीत लोंबकळत आलेल्या माणसाला परत जा म्हणणं आमच्याही जिवावर येतं. म्हणून कारण एकदा लिहूनच ठेवतोय.

जास्वंदीची फांदी तोडली तरी पानं त्याच दिवशी सुकत नाहीत. नसेचंही (म्हणजे मज्जातंतूचं, रक्तवाहिनीचं नव्हे) तसंच. समजा दंडाचं हाड मोडलं आणि मनगट लुळं पडलं. मनगट उचलणारी रेडियल नस त्या हाडाला लगटूनच जाते. ती तुटली असली तरी इजेखालचा तुकडा काही दिवस जिवंत असतो. चौथ्या दिवशी तिथे करंट दिला तर स्नायू झकास उडतो. इजेच्या वर दिला तर ढिम्म. म्हणजे वाट अडलीय एवढं कळलं. नस नुसती दबून गप्प झालीय की तुटलीय, हे त्या दिवशी आमचं यंत्र सांगू शकत नाही, दुसऱ्या कुणाचंही नाही. स्नायू हलवणारे तंतू गप्प व्हायला साधारण आठवडा जातो, संवेदनेचे तंतू १०-११ दिवस घेतात. आणि सुई घातल्यावर स्पीकरवर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी जी टपटप ऐकू येते, ती स्नायूची नस तुटल्याची खूण, आणि ती दिसते दोन ते तीन आठवड्यांनी. म्हणून आम्ही २१ दिवस धरतो. तुटलेल्या नसेचं पुढे काय होतं ते ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेवर दाखवलं. शरीराने तेव्हापासून वेळापत्रक बदललेलं नाही, आम्ही कुठून बदलणार?

घाईने तपासणी केली तर पैसे दोनदा जातात, ते एक असो. एक रिक्षावाले काका अपघातानंतर चौथ्या दिवशी दुसरीकडे केलेला रिपोर्ट घेऊन आले. त्यात ‘इजेखाली प्रतिसाद नॉर्मल’ असं होतं. घरच्यांनी ‘नॉर्मल’ तेवढंच वाचलं, फाइल कपाटात गेली. आमच्याकडे आले ते पाच महिन्यांनी. कोपराखालचं मांस खपाटीला गेलं होतं, चहाचा कप उचलला की मनगट खाली. नस वाढते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. पहिल्या स्नायूपर्यंत १२ सेंटीमीटर अंतर असेल तर चार महिने तिथेच गेले. आणि नसेविना वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला स्नायू मग नस येऊनही फारसा कामाला येत नाही. म्हणून तीन महिन्यांत सुधारणेची खूण नसेल तर सर्जनला दाखवायलाच हवं. थांबायचं ते तीन आठवडे, पाच महिने नव्हे.

मात्र थांबू नये अशाही वेळा आहेत. मांजा, काच किंवा सुरीने कापून बोट बधिर झालं तर आमच्याकडे न येता थेट हाताच्या सर्जनकडे जा. पायांतून वर चढत जाणारी अशक्तता, गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. तो जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) असू शकतो, आणि त्यात पहिल्या आठवड्यात आमची तपासणी नॉर्मलही येते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात रुग्ण वाढल्यापासून प्रत्येक मुंगीला लोक जीबीएस म्हणू लागलेत. रात्री हाताला मुंग्या येऊन झटकल्यावर बरं वाटतं, ती बहुधा मनगटात दबलेली नस असते.

संध्याकाळी पापणी पडते, दोन-दोन दिसतं, चपाती चावताना जबडा थकतो, असं असेल तर फोनवरच सांगा. तो मायस्थेनिया (नसेचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही तो आजार) असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते, सेकंदाला तीन असे हलके झटके देऊन प्रतिसाद घटतो का ते बघतो. त्यावरची पायरिडोस्टिग्मिन गोळी चालू असेल तर आधी किती तास बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजू नका. कुष्ठरोगात कोपरामागची नस जाड होते, औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आणि वेळेवर घेतलं तर बोटं वाचतात.

येताना हातापायांना तेल, बाम, क्रीम नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. एसी लोकलने आलात तर बाहेर दहा मिनिटं बसावं लागेल, कारण गार हातात नसेचा वेग कमी दिसतो आणि धडधाकट नस आजारी ठरते. पेसमेकर असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

सुई आमच्याकडे डॉक्टर स्वतः घालतात, टेक्निशियन नाही. एकाला पाऊण तास लागतो, म्हणून दिवसाला मोजकेच जण घेतो. स्वस्तात आणि वीस मिनिटांत करून देणारे स्टेशनजवळ मिळतील, विचारून या. तारीख आम्ही पुढे ढकलली असेल तर त्या दिवसाचे पैसे लागत नाहीत, फक्त जुने रिपोर्ट आणि प्लास्टर घातल्याची तारीख घेऊन या.