डोंगर पेटतो आणि डोंगर पेटवला जातो, यातला फरक

फेब्रुवारी लागला की पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या उतारांवर रात्री लाल रेषा सरकताना दिसू लागतात. कुणी पावसाळ्यात गवत चांगलं फुटावं म्हणून काडी टाकलेली असते, कुणाचा बांधावरचा जाळ हाताबाहेर गेलेला असतो. मग वनरक्षक, हंगामी मजूर आणि गावातली पोरं ओल्या डहाळ्या नाहीतर ब्लोअर घेऊन चढ चढतात आणि पहाटेपर्यंत झोडपत राहतात. या माणसांच्या कामामागे पक्कं शास्त्र आहे. ते नीट समजून घेतलं, तर आग विझवण्यापलीकडे आगीकडून काम करून घेणंही जमू शकतं, असं मला वाटतं.

आधी जळणाचं बघू. गगनबावड्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, गवत कंबरेला लागतं आणि त्यानंतरचे कित्येक महिने ते उभ्या उभ्या वाळत राहतं. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतला ओलावा साधारण तासाभरात घेते आणि तासाभरात सोडते. म्हणून सकाळी दवात काडी ओढूनही न धरणारं गवत दुपारी दोनला भडकून उठतं. बोटाएवढ्या जाड फांदीला त्याच बदलासाठी दहाएक तास लागतात, मनगटाच्या जाडीच्या लाकडाला चार-पाच दिवस. गवताळ उतारावरच्या आगीचा स्वभाव त्यामुळे महिन्यावर कमी आणि घटकेवर जास्त ठरतो.

दुसरी गोष्ट उताराची. ज्वाळा चढाकडे झुकते आणि वरचं गवत आधीच वाळवून ठेवते. अग्निशास्त्रातला ढोबळ नियम असा, की उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर तो चौपट. घाटात पायथ्याला टाकलेली काडी एवढी घातक का, ते यावरून कळेल. तीच आग माथ्यावरून, वाऱ्याच्या विरुद्ध तोंडाने लावली, तर ज्वाळा गुडघ्याच्या आसपास राहते आणि माणसाच्या चालीपेक्षाही हळू खाली सरकते. एकच डोंगर, एकच गवत, पण या दोन आगींत जमीनअस्मानाचा फरक.

नियंत्रित जाळ, म्हणजे आखलेल्या तुकड्यात ठरवून लावलेली आग, करणाऱ्यांचं सगळं काम या फरकावर उभं असतं. हवेतली आर्द्रता किती, वारा कुठून, धूर कुठल्या वस्तीवर जाईल, हे आधी कागदावर ठरतं. अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या पाइन जंगलांत आर्द्रता ३० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असली तरच पेटवावं, असा संकेत आहे. ठरवलेल्या तुकड्याच्या वारा जिकडे वाहतो त्या कडेला, म्हणजे आग जिकडे धावेल तिकडे, आधी एक पट्टा जाळून काळा करतात. मग कोपऱ्यात हातभर जागेत चाचणीचा जाळ लावून बघतात. तो मनासारखा वागला नाही, तर सगळे परत फिरतात. परत फिरणं हाही कामाचाच भाग मानतात, हे मला फार मोलाचं वाटतं. सगळं सुरळीत पार पडलं तरी शेवटचे काही तास राख चाळण्यात जातात. चराऊ डोंगरावर वाळलेलं शेण आणि जुनी खुंटं बराच वेळ आतल्या आत धुमसत राहतात आणि संध्याकाळचं वारं सुटलं की पुन्हा पेट घेतात. म्हणून तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब तपासावी लागते.

पण गवताचं काय होतं? कुसळी गवताचं बी बघा. त्याची लांब शेपटी ओल आणि कोरड यांच्याबरोबर पिळत-उलगडत जाते आणि बी मातीत घुसवते. माती उष्णतेची वाईट वाहक आहे. गवतावरून झरझर जाणारी आग जमिनीखाली दोन-चार सेंटिमीटरवर फारशी ऊब पोचवत नाही. बहुतेक बारमाही गवतांचे फुटवेही बुंध्याशी, मातीलगत असतात. त्यामुळे पान जळालं तरी गवत मरत नाही, उलट सावली धरणारं जुनं वाळकं गवत निघून गेल्यावर नवा फुटवा जोमात येतो. काझीरंगात हिवाळ्याच्या अखेरीस उंच गवताळ पट्टे मुद्दाम जाळतात, ते याच कारणाने. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांवरचे सोलिग लोक पूर्वी पालापाचोळ्याची हलकी आग लावत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. ती बंद झाल्यामुळे घाणेरीचं रान माजलं, असं त्यांचं म्हणणं, आणि अभ्यासकांनीही ते गांभीर्याने घेतलं आहे.

मात्र हे सगळं गवताला लागू आहे, देवराईला नाही. राधानगरी, दाजीपूरच्या सदाहरित जंगलातली झाडं सावलीत आणि ओलाव्यात वाढलेली. अनेकांची साल पातळ असते. पाचोळ्यातून रांगणारी घोट्याएवढी आगसुद्धा रोपं मारते आणि बुंधे भाजून काढते. जंगलाची कड मागे सरकते, मोकळ्या जागी गवत शिरतं आणि पुढच्या वर्षी ते गवत आग आणखी आत नेतं. गव्यांसाठी कुरण हवं म्हणून कुणी या कडेला काडी लावत असेल, तर तो जंगलच संपवतो आहे. उशिराची आग तर आणखी वाईट. टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि रातवा हा पक्षीही उन्हाळ्यात जमिनीवरच बसतो.

कोल्हापूरला हे काम अगदीच परकं नाही. वनविभाग दर वर्षी आगीच्या हंगामाआधी, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत, जाळरेषा काढतो. ठरावीक पट्ट्यातलं गवत कापून माणसं उभी करून जाळायचं, हा नियंत्रित जाळच. उपग्रहावरचा संवेदक ३७५ मीटरच्या चौकोनात आग टिपतो आणि भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश मोबाइलवर येतो, तोही मोठा आधार. पण कुठल्या कडेला उभं राहायचं, हे उपग्रह सांगत नाही. ते जाळरेषेवर वर्षानुवर्षं राबलेल्या मजुराला कळतं. तो मात्र हंगामी असतो आणि त्याला ना पुरेसं प्रशिक्षण मिळतं, ना धुरापासून बचावाचा मुखवटा. फ्लोरिडा राज्याने १९९० मध्ये कायदा करून प्रशिक्षित, प्रमाणित दहन-व्यवस्थापकांना मान्यता दिली. आज तिथे वर्षाला २० लाख एकरांच्या आसपास जमीन अशी रीतसर जाळली जाते.

आपल्याकडे अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० नुसार गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. हा लेख वाचून कुणी डोंगरावर काडी ओढू नये. माझी मागणी वनविभागाकडे आणि विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडे आहे. अभयारण्याबाहेरच्या निव्वळ गवताळ उतारांवर, जंगलाच्या कडेपासून लांब, छोटे तुकडे आखावेत. डिसेंबर-जानेवारीत, गवत अर्धवट ओलं असताना, त्यातले थोडे जाळावेत, थोडे कापावेत, बाकीचे तसेच सोडावेत आणि तेच तुकडे पुढची दहा वर्षं मोजत राहावं: कुठलं गवत आलं, घाणेरी किती, लावे कुठे उतरले. आणि या मोजणीत जाळरेषेवरच्या मजुरांना पूर्ण पगारावर, पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं.