हार्ट मोठं झालंय, म्हणजे नेमकं काय?

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की घरात चर्चा सुरू होते: "हार्ट मोठं झालंय, पंपिंग 30 टक्के." पाठोपाठ प्रश्न येतो, "ब्लॉकेज किती?" डायलेटेड कार्डिओमायोपथीत, म्हणजे हृदयाचा कप्पा सैलावून मोठा होण्याच्या आजारात, मूळ दुखणं ब्लॉकेजचं नसतं, हृदयाच्या स्नायूचं असतं.

निरोगी डावा कप्पा साधारण 120 मिलिलिटर रक्ताने भरतो आणि ठोक्यासरशी 70 बाहेर ढकलतो. हे झालं 58 टक्के पंपिंग; शंभर टक्के कुणाचंच नसतं. या आजारात कप्पा सैलावून समजा 200 मिलिलिटरचा झाला आणि ठोक्याला 60च निघालं, तर पंपिंग 30 टक्के. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो, म्हणून आडवं होताच दम लागतो, उशीवर उशी चढते. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचलं की ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मग मोज्याचा वळ पायावर तासन्‌तास राहतो.

टायटिनसारख्या जनुकातला दोष, विषाणूसंसर्ग, दारू, बाळंतपणाच्या आसपासचा काळ, कर्करोगावरची काही औषधं ही कारणं. कधी काहीच सापडत नाही. तेव्हा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही इको करून घ्यावा.

सोलापुरात पथ्य अडतं ते ताटात. दिवसाचं मीठ सपाट चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. त्यात शेंगाचटणी, लोणचं, पापड सगळं आलं. सैंधव म्हणजेही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन ही या आजारातली गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते; ती चालू असताना हे मीठ धोक्याचं.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करून वहीत लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय. डॉक्टरांना फोन करा. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गणित उलटतं: घामही जातो, लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी'ही चालू असते. वजन उतरून उभं राहताच चक्कर आली, तर डोस बदलावा लागतो, तोही डॉक्टरांनीच. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी मीठ-पाणी अडवते, सगळ्यावर बोळा फिरवते.

औषधांनी पंपिंग 50च्या वर गेलं की गोळ्या सोडायचा मोह होतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीत अशाच सावरलेल्या रुग्णांची औषधं देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली. सहा महिन्यांत 25पैकी 11 जणांचा आजार परत आला.