आखीव पत्रिकेतलं नागपूर

शहरात इमारत सगळ्यात लवकर बदलते, प्लॉटची हद्द त्याहून उशिरा आणि रस्त्याची रेषा सगळ्यात शेवटी. एका मालकाने ठरवलं की घर पडतं. हद्द हलवायला शेजारी राजी व्हावा लागतो, रस्ता हलवायला अख्खी गल्ली. भूगोलतज्ज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन यांनी १९६० साली इंग्लंडमधल्या ॲनिक या गावाचा नकाशा रस्ते, प्लॉट, इमारती अशा थरांत उलगडून अभ्यासला. नागपूरला ही पद्धत फार चांगली लागू पडते.

बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवलं, पुढे ते भोसल्यांची राजधानी झालं. महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांत आज काँक्रीट दिसतं, पण प्लॉट अजून तोंडाला अरुंद आणि आत लांब आहेत. वाटणीत प्रत्येक भावाला रस्त्याकडचं दार हवं असतं, म्हणून जागा उभी कापली जाते. ३० फुटी तोंडाचे तीन हिस्से केले की प्रत्येकी १० फूट. दोन्हीकडच्या ९ इंची भिंती आणि ३ फुटी जिना वजा केला, की जिन्याशेजारी साडेपाच फूट उरतात. मग घर वर चढतं.

मोठा प्लॉटही तितकाच चिवट. जुन्या शहराच्या कडेला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. मिल गेली, तरी त्या जमिनीवर गल्ल्या उगवल्या नाहीत. मॉल आणि उंच इमारतीच आल्या.

हे स्वतः तपासायचं तर जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवावा. आठ-दहा खुणेचे बिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांवर ओळखू येणाऱ्या जागा घ्याव्यात, त्याही चारही कोपऱ्यांत पसरलेल्या. सगळे महालात घेतले तर सिव्हिल लाइन्सकडची बाजू भरकटते. गांधी गेट, सीताबर्डी किल्ला, जुने चौक चांगले. नाग नदीचा काठ किंवा तलावाची कड घेऊ नये, त्या सरकतात. दोन बिंदू न वापरता बाजूला ठेवावेत आणि शेवटी त्यांवर चूक किती येते ते मोजावं.

प्रमाणाकडे दुर्लक्ष झालं की सगळंच फसतं. एक इंचास एक मैल, म्हणजे १:६३,३६० च्या नकाशावर १ मिमी म्हणजे सुमारे ६३ मीटर. त्यावरून गल्लीची रुंदी काढणं निव्वळ चूक आहे, कारण तिथे रस्ता मापाने नव्हे, खुणेने काढलेला असतो. हद्दींसाठी नगर भूमापनाची शीट आणि आखीव पत्रिका, म्हणजे प्लॉटचं प्रॉपर्टी कार्डच हवं. १:५०० वर १ मिमी म्हणजे अर्धा मीटर.

शहराच्या बाहेरच्या भागात आधी मौजा (महसुली गाव) आणि खसरा (शेताचा भूमापन क्रमांक) यांच्या हद्दी आखाव्यात, रस्ते नंतर. शेत विकलं गेलं तसं लेआउट पडलं. प्रत्येकाने आपल्या खसऱ्यापुरते रस्ते काढले, त्यामुळे शेजारच्या दोन लेआउटचे रस्ते समोरासमोर येतीलच असं नाही. २००१ च्या गुंठेवारी (परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट) कायद्याने अशा प्लॉटना नियमित होण्याची वाट दिली, पण एकदा घरं उभी राहिली की ते रस्ते जोडायला कुणाचं तरी घरच पाडावं लागतं. पावसाचं पाणी आणि रुग्णवाहिका, दोन्ही तिथेच अडतात.