सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, कानाला घट्ट बांधलेला रुमाल. सव्वा महिना तिला काही उचलू देत नाहीत. सरकारी हिशोबही तेवढाच: दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आशाताई 3ऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. प्रसूतीनंतरचं नैराश्य मात्र वर्षभरात कधीही डोकं वर काढतं. पुष्कळदा सासरी परतल्यावर, चूल आणि लेकरू दोन्ही एकदम अंगावर पडल्यावर. ऊसतोडीची उचल घेतलेली असेल, तर तान्ह्यासकट थेट फडात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते वेगळं. वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्यानं उतरतात; हे रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही लेकरू झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, घास उतरत नाही, लेकराची माया वाटत नाही आणि वाटत नाही म्हणून स्वतःचाच राग येतो, तर तो आजार आहे. घरात मात्र ‘बाहेरचं झालंय’ किंवा ‘पोरगी झाली म्हणून तोंड पाडलंय’ असा निकाल लागतो. भारतातल्या अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा हे प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं. म्हणजे पाचात एक. एवढ्या जणींना बाहेरचं कसं होईल?

डॉक्टर 1987 साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, धास्ती वाटली का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं का. ही नुसती चाळणी. निदान डॉक्टरच करतात. रक्त कमी असणं किंवा थायरॉईडचा बिघाडही असाच थकवा आणतो, म्हणून रक्त तपासून घ्यावं.

सौम्य आजाराला समुपदेशन पुरतं. गोळी लागलीच, तर सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं. डॉक्टरांना न विचारता अंगावरचं दूध तोडू नये. आणि नवऱ्यानं रात्री लेकराला ढेकर काढून, दुपटं बदलून निजवलं, तर तिला सलग चार तास झोप मिळते. झोपेचा तुटवडा हा आजार वाढवतो, त्यामुळे याला मी उपचारच म्हणेन.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण आवाज ऐकू येणं, भलते संशय, झोपच उडणं असं दिसलं, तर फोनवर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे हजारात एक-दोघींना होतं. दाखल करावं लागलं तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या लेकराला एरवी आईपासून तोडत नाहीत. आईकडून लेकराला धोका असेल किंवा लेकराच्या हितासाठी गरज असेल तरच, तेही तात्पुरतं.