गावच्या तलावाची पाळ आणि सांडवा : देखभालीविषयी माहितीपत्रक

ग्रामपंचायती, पाणी वापर संस्था आणि तलावालगतचे शेतकरी यांच्यासाठी

लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांतून आमच्याकडे तलावाच्या दुरुस्तीची विचारणा येते, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न पाणी आणखी कसे साठेल हा असतो; पाळ सुरक्षित आहे का, हे क्वचितच विचारले जाते. जून-जुलै कोरडे जाऊन सप्टेंबरात दोन-चार दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळणाऱ्या आपल्या भागात ही ओढ समजण्यासारखी आहे. तथापि मातीच्या तलावाबाबत आमचे स्पष्ट मत असे की, सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, मोकळा ठेवणे हे देखभालीतील पहिले काम होय आणि बाकीची सर्व कामे, ज्यांचे आम्ही पैसे घेतो तीसुद्धा, त्यानंतरची आहेत.

तलाव कोणाच्या ताब्यात आहे?

मराठवाड्यातील पुष्कळ पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून झाले, म्हणजे त्यांतील अनेकांनी आता पन्नाशी गाठली आहे. सर्वसाधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना, तसेच लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशा काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. गावच्या लहान तलावांपैकी बहुतेक त्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे त्यांच्यावर नियमित नजर ठेवणारा माणूस प्रत्यक्षात गावातलाच असावा लागतो. मालकी विभागाची असल्याने पाळीला फावडे लावण्यापूर्वी त्या विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे आणि तिच्याशिवाय आम्ही काम स्वीकारत नाही.

सांडव्यावर अडवलेले पाणी

मातीच्या पाळीवरून पाणी वाहणे म्हणजे पाळ गेलीच असे समजावे. कोरड्या बाजूच्या उतारावरून वेगाने उतरणारे पाणी आधी पायथा कोरते, मग माथ्याकडे सरकत सरकत खांड पाडते, आणि एकदा खांड पडली की ती रुंद व्हायला फारसा वेळ लागत नाही. हे टाळण्यासाठीच सांडव्याची पातळी पाळीच्या माथ्याहून खाली ठेवलेली असते. ही मधली उंची वाया गेलेली जागा नसून तेवढ्याच उंचीत पूर वाहून जायचा असतो. परतीच्या पावसाआधी वाळूची पोती किंवा दगड रचून सांडवा हात-दीड हात उंच करण्याची पद्धत अनेक गावांत आहे, म्हणून त्याचा हिशेब येथे देत आहोत.

समजा सांडवा २० मीटर लांब आहे आणि पुराच्या वेळी त्यावरून जास्तीत जास्त एक मीटर उंचीचे पाणी वाहू शकते. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून अशा वेळी सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी बाहेर पडते. त्यावर अर्ध्या मीटरची पोती रचली तर वाहायला अर्धाच मीटर उरतो. मात्र विसर्ग निम्मा न होता सुमारे १२ घनमीटरवर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशावर येतो, कारण पाण्याची उंची घटते त्यापेक्षा विसर्ग अधिक वेगाने घटतो. नाल्याला ३० घनमीटरचा पूर आला, तर उरलेले १८ घनमीटर दर सेकंदाला तलावात चढत राहतील आणि तलाव आधीच काठोकाठ असेल तर ते पाळीवरूनच मार्ग काढतील. पूर आल्यावर रात्री पोती काढू, हे आश्वासन आम्ही ग्राह्य धरत नाही.

पोत्यांइतकीच घातक, पण सहसा नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर ताणलेली जाळी. काडीकचरा आणि पाणवनस्पती अडकली की ती जाळी भिंतीचेच काम करू लागते. मासेमारीचा ठेका देतानाच पावसाळ्यात जाळी बांधण्यास मनाई करणारी अट ग्रामपंचायतीने ठरावात घालावी. सांडव्यापुढचा चर बुजवून त्यात सोयाबीन पेरलेले असेल, किंवा तेथे वेड्या बाभळीचे रान माजले असेल, तरी परिणाम तोच होतो.

पाझर : किती, आणि कसा

मातीची पाळ थोडी पाझरतेच, त्याने घाबरण्याचे कारण नाही. पायथ्याशी येणारे पाणी नितळ आहे की गढूळ, हा खरा प्रश्न आहे. गढूळ पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन बाहेर येत असते; आतून उंदराच्या बिळासारखी नळी तयार होते, ती पाण्याच्या बाजूकडे वाढत जाते आणि वरून सारे ठीक दिसत असतानाच पाळ खचते. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्याआधी तेथील गावकऱ्यांनी गळतीची तक्रार केलेली होती.

पायथ्याच्या चरात काटकोनी खाचेची लोखंडी पट्टी बसवली की पाझर मोजता येतो. खाचेवर पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर आणि १० सेंटीमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर पाणी वाहते. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाझर साडेपाच पटींहून अधिक वाढलेला असतो. दर आठवड्याला ही उंची आणि तलावाची पातळी एकाच वहीत लिहावी आणि त्याच जागचे पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहावे. पातळी तीच असताना पाझर वाढला, तर आम्हाला कळवण्यापूर्वी संबंधित विभागाला लेखी कळवावे.

भेगा, झाडे, बिळे

पाळीच्या गाभ्यातली काळी माती पाणी रोखते, पण सुकली की भेगाळते, हे येथील शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामुळे सलग दोन-तीन वर्षे कोरडा राहिलेला तलाव पहिल्यांदा भरतो, तो काळ सर्वांत जोखमीचा असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जोरदार पाऊस झाला. आपल्याकडे दुष्काळ आणि पूर यांत इतकेच अंतर असते. पाळीच्या लांबीने जाणाऱ्या भेगेपेक्षा पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी जाणारी भेग अधिक गंभीर समजावी. भेग तळापर्यंत उकरून, ओलसर काळी माती वीतभर जाडीच्या थरांनी भरून, प्रत्येक थर धुम्मसाने बसवावा. वरून कोरडा मुरूम ओतल्याने भेग फक्त दिसेनाशी होते.

वेडी बाभूळ, लिंब, पिंपळ यांची रोपे मनगटाएवढी होण्याआधीच मुळासकट काढावीत, कारण झाड मेल्यावर कुजलेली मुळे पाण्याला वाट देतात. मोठे झाड तलाव भरलेला असताना जेसीबीने उपटू नये. तिवऱ्याचे धरण खेकड्यांमुळे फुटले, या तत्कालीन मंत्र्यांच्या विधानाची राज्यभर थट्टा झाली खरी, परंतु घूस, साळिंदर आणि खेकडे यांची बिळे पाळ पोखरतात, ही गोष्ट थट्टेची नाही. ती शोधून, उकरून, माती ठोकून बंद करावी लागतात.

पाळीतून पाईपलाईन नेण्याचा हट्ट मात्र कोणीही धरू नये. पाईप फुटला नाही तरी त्याच्या बाहेरच्या अंगाने पाणी वाट काढते. त्याचप्रमाणे पायथ्याला लागून नवी विहीर खोदणे आणि गाळ काढताना पाळीच्या आतल्या पायथ्याजवळ खोल जाणे, ही दोन्ही कामे पाळीचा आधार काढून घेतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतील गाळ शेताला उपकारक आहे, म्हणून तो न्यावाच. परंतु गाळ संपून मूळ जमीन लागली की यंत्र थांबवावे.

पाळीला धोका दिसल्यास

सर्वप्रथम खालच्या वस्त्यांना, पोलीस पाटील व तलाठी यांना आणि १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावे. त्यानंतर विमोचकाची, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या दाराची, झडप उघडून पातळी उतरवावी. एरवी पातळी सावकाश उतरवलेली बरी, कारण पाणी झपाट्याने उतरले तर आतला ओला उतार घसरतो. मात्र पाळ फुटण्याची भीती असेल तेव्हा त्या वेळच्या अधिकाऱ्याचा निर्णय मानावा. गढूळ पाणी जेथून येते ते तोंड चिखलाने किंवा प्लॅस्टिकने कोंबू नये, कारण अडवलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी आणि शेवटी दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती आत राहते. पाणी माथ्यावरून जाऊ लागले असेल तर काहीही न करता सर्वांनी तेथून दूर व्हावे.

आमचे काम

झाडोरा काढणे, पाळीच्या उतारावरचे दगडी अस्तर (पिचिंग) पुन्हा बसवणे, सांडव्याचा चर मोकळा करणे, झडपेची दुरुस्ती आणि पाझर मोजण्याची खाच बसवणे ही कामे आम्ही करतो. सांडव्याची उंची वाढवण्याचे काम विभागाच्या मंजूर संकल्पचित्राशिवाय करत नाही. पाहणीसाठी दोन वेळा बोलवावे, अशी विनंती आहे. एप्रिल-मेमध्ये भेगा, बिळे आणि आतला उतार उघडा असतो, आणि ऑक्टोबरात तलाव भरलेला असताना पाझर दिसतो. एकाच भेटीत दोन्ही पाहता येत नाही. आम्ही येऊ तेव्हा तलावाचा जुना नकाशा उपलब्ध असल्यास तो आणि पाझराची वही तयार ठेवावी. वही नसेल तर पहिल्या भेटीत आम्ही रकाने आखून देतो, त्याचे शुल्क आकारत नाही.