कोंबड्याचा तुरा आणि पेशींचे निरोप

1849 मध्ये गोटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी काही कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली आणि त्यांपैकी काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले. ज्यांना ते परत मिळाले नाही त्यांचा तुरा खुजा राहिला. बाकीचे मात्र नेहमीच्या कोंबड्यांसारखे आरवू आणि भांडू लागले. नसा तर तुटलेल्या होत्या. म्हणजे निरोप रक्तातूनच जात असणार, हे बेर्टोल्ड यांनी ओळखले. पुढे कित्येक दशके त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

हा निरोप, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, 1935 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून वेगळा काढला. सहा वर्षांनी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले, की तो तोडला तर शरीरात पसरलेला प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कर्करोगही मागे हटतो. कर्करोगाच्या पेशी बेलगाम असतात, या समजालाच हा धक्का होता. हगिन्स यांना नोबेल मिळाले ते मात्र 1966 मध्ये!

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यापुढचा टप्पा. वृषणाला कामाला लावण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो. तो हुकूम नेणाऱ्या जीएनआरएच या हार्मोनच्या रेणूची रचना 1971 मध्ये उलगडली. 1978 मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळले, की हे हार्मोन थांबून थांबून, ठोक्यांनी दिले तरच पिट्युटरी, म्हणजे हुकूम पुढे वृषणाकडे पोचवणारी मेंदूखालची ग्रंथी, प्रतिसाद देते. सलग दिले तर ती गप्प होते. एकाच निरोपाचे मग दोन उपचार झाले. ज्यांच्या शरीरात हे हार्मोनच कमी पडते अशा पुरुषांमध्ये पंपाने ठोके देऊन शुक्राणू तयार करवता येतात, आणि त्याच्याच दीर्घकाळ टिकणाऱ्या नकला प्रोस्टेटच्या रुग्णांचे टेस्टोस्टेरॉन खाली आणतात.

वृषणाच्या कर्करोगाचा धागा मात्र वंध्यत्वाच्या तपासणीतच सापडला. कोपनहेगनचे नील्स स्काकेबेक यांना मूल होत नाही म्हणून आलेल्या दोन पुरुषांच्या बायोप्सीत विचित्र बीजपेशी (ज्यांच्यापासून शुक्राणू बनतात त्या पेशी) दिसल्या; दोघांनाही पुढे वृषणात कर्करोगाच्या गाठी झाल्या. हे 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. भ्रूणात बीजपेशी वृषणाच्या जागेकडे सरकत असतात, तेव्हा त्यांना जगवतो तो किट रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, मिळणारा निरोप. तो बिघडलेले उंदीर वांझ निपजतात. 2009 मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका ज्या जनुकाशी सर्वांत ठळकपणे जोडलेला आढळला, ते नेमके हाच निरोप तयार करणारे होते.