बंदरावरच्या बावट्यापासून रेड अलर्टपर्यंत

पावसाळ्यात मोबाइलवर 'रायगडला रेड अलर्ट' असे झळकते, तेव्हा तो निरोप मूळचा कोणासाठी तयार झाला हे ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ पुरता लागत नाही. आपल्याकडचे हवामानाचे इशारे सुरुवातीला सर्वसामान्य नागरिकांसाठी नव्हतेच. ते आधी जहाजांच्या कप्तानांसाठी होते, मग जिल्हा प्रशासनासाठी झाले आणि अगदी अलीकडे ते थेट लोकांच्या हाती आले. या प्रवासातला बहुतेक प्रत्येक टप्पा एखाद्या मोठ्या आपत्तीनंतर आला आहे.

ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळाने हजारो माणसे दगावली आणि हुगळीतली असंख्य जहाजे नष्ट झाली. त्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. या सर्वांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा त्याच्या कितीतरी आधी, १८२६ पासून उभी होती, आणि १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

बंदरांवरच्या बावट्यांची पद्धत या काळातली, आणि ती आजही वापरात आहे. 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणातल्या मच्छीमार कुटुंबांत मुलांनाही कळते. मोठ्या बंदरांसाठी एकूण ११ संकेत आहेत. दिवसा ते विशिष्ट आकारांनी दाखवतात आणि रात्री दिव्यांनी. पहिले दोन संकेत दूरच्या समुद्रातल्या धोक्याविषयी असतात, म्हणजे बंदर सुरक्षित असले तरी तिथून निघालेले जहाज वादळात सापडू शकते. तिसऱ्या संकेताचा अर्थ खुद्द बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असा होतो. आठ ते दहा हे संकेत अतिधोक्याचे आहेत. अकरावा संकेत मात्र वेगळाच आहे: हवामान केंद्राशी संपर्क तुटला असून स्थानिक अधिकाऱ्याला स्वतःच्या अंदाजाने धोका वाटतो आहे, असे तो सांगतो. वरून निरोप येणे थांबले तरी खालच्या माणसाने निर्णय घ्यावा, ही तरतूद त्या काळी केलेली होती, आणि मला ती या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

जमिनीवरच्या माणसाकडे लक्ष वळायला बराच काळ गेला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त सुरू झाले, पण धोक्याच्या इशाऱ्यांची खरी फेररचना ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळाने घडवली. तेव्हापासून चक्रीवादळाचा इशारा राज्य प्रशासनाला चार टप्प्यांत देण्यात येतो. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा आणि १२ तास आधी, वादळ किनारा ओलांडल्यानंतर आतल्या भागात काय होईल याचा अंदाज, असा तो क्रम आहे. २००६ च्या उत्तरार्धापासून यांतल्या शेवटच्या तीन टप्प्यांना अनुक्रमे पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग जोडले गेले. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी हजारो लोकांना हलवता आले, ते या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीमुळेच.

पावसाच्या बाबतीत महाराष्ट्राला जाग आणली ती २६ जुलै २००५ ने. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. एकाच शहरात एवढा फरक पडू शकतो, हे त्या दिवशी साऱ्यांना दिसले. त्यानंतर मुंबईत ढगांतल्या पावसाचा आणि वाऱ्याचा वेध घेणारे डॉपलर रडार आले, पर्जन्यमापकांचे जाळे दाट झाले आणि पुढील तीन तासांचे तातडीचे अंदाज देणे शक्य झाले.

आजचे रंग वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. हवामान खात्याच्या लेखी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ या २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस मानला जातो. मात्र रंग निव्वळ या आकड्यांवर ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता किती आणि तिचा परिणाम किती गंभीर, या दोहोंचा मेळ घालून तो ठरवला जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. ही मुळात यंत्रणेला दिलेली सूचना आहे. म्हणूनच रेड अलर्टच्या दिवशी आपल्या गल्लीत ऊन पडले, तर इशारा खोटा ठरला असे होत नाही. इशाऱ्यातले 'तुरळक ठिकाणी' हे शब्दही मोजूनमापून वापरलेले असतात: त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित आहे, एवढाच त्यांचा अर्थ. 'बहुतांश ठिकाणी' म्हटले, तर तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रे त्यात येतात. बातमीच्या मथळ्यात हे शब्द गळून जातात आणि रंग तेवढा उरतो, हे फार नुकसानीचे आहे.

२०२३ पासून मोबाइलवर मोठा आवाज करत येणाऱ्या आपत्कालीन संदेशांच्या चाचण्या मराठीतही झाल्या, आणि इशारा अखेर थेट नागरिकांपर्यंत पोहोचू लागला. तरीही रंगाचे एकक अजून बहुधा जिल्हा हेच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. जिल्ह्याचा रंग पावसाविषयी सांगतो. कोणता डोंगर खचेल हे तो सांगू शकत नाही. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी लाल किंवा नारिंगी इशारा असताना जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पुढच्या संदेशाची वाट न पाहता घर सोडावे आणि १०७७ या क्रमांकावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवावे.